मास्तरांच्या गाडीचं डावं दार

हाफक्लच मास्तरांच्या गाडीचं पुढचं डावं दार उघडत नव्हतं, आणि ते आज उघडतं की काय या काळजीने मास्तरांचा जीव टांगणीला लागला होता.

हे ऐकून कुणीही म्हणेल, म्हातारा फिरला. दार उघडत नाही म्हणून लोक रडतात, हा उघडेल म्हणून घाबरतो. पण ते दार बिघडलेलं नव्हतंच मुळी. मास्तरांनीच ते आतून बांधून टाकलं होतं, स्वतःच्या बुटाची नाडी काढून, स्वतःच्या हाताने. आणि ही गोष्ट त्यांच्याखेरीज जगात कुणालाही माहीत नव्हती.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, गाडी शिकवणारे. सगळा जन्म शिकवणीच्या गाडीत डाव्या बाजूला बसून ‘हाफ क्लच, हाफ क्लच’ म्हणून ओरडण्यात गेला, म्हणून लोकांनी हे नाव ठेवलं. इथले निम्मे लोक माझ्या शिव्या खाऊन गाडी शिकले आणि उरलेले निम्मे त्यांच्यापासून जीव वाचवत रस्त्याने चालतात, असं ते स्वतःच सांगत. शिकवणं थांबलं तेव्हा ती जुनी गाडी त्यांनी स्वतःकडेच ठेवून घेतली. डाव्या बाजूला शिकवणाऱ्यासाठी असतो तो जादाचा ब्रेक आणि क्लच काढला, खालच्या भोकांवर रबरी मॅट टाकली, आणि ज्या सीटवर आपला जन्म गेला तिच्यावर बायकोला बसवलं.

मास्तरीणबाईंना विसरायला होतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. चहात साखर दोनदा पडायची, गॅस चालूच राहायचा, पोटच्या लेकीला कधीतरी ‘वहिनी’ म्हणून हाक जायची. ‘वय झालं’ म्हटलं की विषय मिटत असे. मिटत नव्हतं ते वेगळंच. ऊन उतरायला लागलं की बाई हातात पिशवी घेऊन दाराशी उभ्या राहत आणि म्हणत, “अहो, घरी जाऊ या ना आता. किती वेळ बसायचं लोकांकडे?” अगं, हेच आपलं घर, असं मास्तरांनी सुरुवातीला सांगून पाहिलं. भिंतीवरचा लग्नाचा फोटो दाखवला. कपाट उघडून तिचे कपडे दाखवले. बाई आणखीच घाबरायच्या, रडायच्या. शेवटी एक दिवस कंटाळून मास्तरांनी त्यांना गाडीत बसवलं, चार गल्ल्या फिरवून आणलं, त्याच घरासमोर गाडी उभी केली आणि म्हणाले, “घे, आलं घर.” बाई हसत उतरल्या, “किती उशीर केलात हो,” म्हणाल्या आणि सरळ चहा ठेवायला आत गेल्या. तेव्हापासून रोज संध्याकाळी हेच. मास्तरांची पाठ दुखो, डोळे दुखोत, गाडी काढायचीच.

आणि मग ते निळं फाटक आलं. गाडी थर्डमध्ये होती, रस्ता मोकळा होता. कोपऱ्यावर कुणाच्या तरी घराचं निळं फाटक दिसलं, आणि बाईंनी काही न बोलता पट्टा सोडला, दार उघडलं, ‘आलं आपलं’ म्हणाल्या आणि एक पाय बाहेर टाकला. जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांसाठी ब्रेक मारला, तो त्या दिवशी मास्तरांनी स्वतःसाठी मारला. दार विजेच्या खांबाला घासून परत आपटलं. बाई आतच राहिल्या, पण त्यांची एक चप्पल मागे रस्त्यावर पडली. मास्तर मागे चालत गेले, चप्पल उचलून आणली, वाकून बायकोच्या पायात घातली. बाईंनी विचारलं, “कुणाची हो ही?”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दाराचं आतलं पॅनल उकललं. दाराच्या पोटात कडी असते आणि तिला ओढणाऱ्या सळया असतात. हँडल ओढलं की सळई ओढली जाते आणि कडी सुटते. मास्तरांनी ती कडीच काळ्या नाडीने करकचून बांधली, पॅनल लावलं, दार ओढून घेतलं. संपलं. आता आतून ओढा, बाहेरून ओढा, किल्ली फिरवा, दार ढिम्म.

मग तिला मागे बसवायचं ना, असं कुणी म्हणेल. मागच्या दारांना लहान पोरांसाठी एक खटका असतो, तो सरकवला की दार आतून उघडतच नाही. मास्तरांना काय हे ठाऊक नव्हतं? सगळ्या शिकाऊ मंडळींना त्यांनीच तो दाखवला होता. पण मास्तरांचं एक म्हणणं होतं आणि ते त्यांनी उभ्या जन्मात सोडलं नव्हतं: मागे सामान बसतं, नाहीतर शिकणाऱ्याची सासू. लग्न झाल्यापासून बायको एकदाही मागे बसली नव्हती. आता तिला मागे टाकायची, खटका लावायचा आणि आरशातून तिच्यावर नजर ठेवायची? त्यापेक्षा दार बांधलेलं बरं. हट्टी माणूस, दुसरं काय.

पण दार बांधल्यावर बाईंनी आत शिरायचं कुठून? तर चालकाच्या बाजूने. आधी बाईंना आत घालायचं, मग त्यांनी ढुंगणाने सरकत गिअरच्या दांड्यावरून पलीकडे जायचं, मग मास्तरांनी बसायचं. उतरताना तेच उलटं. गुडघे दोघांचेही गेलेले. रोज कुठंतरी खरचटायचं, रोज बाई विचारायच्या, “अहो, त्या बाजूला दार नाही का?” आणि मास्तर रोज सांगायचे, “बिघडलंय. टाकायचंय दुरुस्तीला.” रोज तोच प्रश्न आणि रोज तेच खोटं. खोटं बोलायलाही अंगात बळ लागतं, आणि मास्तरांचं बळ संपत आलं होतं.

एवढं झाकायचं कशासाठी, तेही सांगतो. मागच्या खेपेला लेक आली होती तेव्हा गॅलरीत उभी राहून भावाशी फोनवर बोलत होती, आणि मास्तरांनी ते ऐकलं. “आणखी बिघडलं ना, तर आई माझ्याकडे आणि बाबा तुझ्याकडे. दोघांना एकत्र कोण ठेवू शकणार, दादा? तुझ्याकडे जागा नाही, माझ्याकडे जागा नाही.” चूक नव्हतं तिचं. पण लेकीचं घर एका टोकाला आणि लेकाचं दुसऱ्या. मास्तर त्या दिवसापासून एकच हिशेब करत होते: आणखी बिघडलंय, हे कुणाला कळता कामा नये. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि आता लेक पुन्हा आली होती, जावईबापूंना घेऊन. आल्या-आल्या तिने आईला गिअरच्या दांड्यावर अडकलेलं पाहिलं आणि ती भडकलीच.

“बाबा, हे काय चाललंय? या वयात आईला सर्कस करायला लावता?”

“दार बिघडलंय गं. बघतो मी.”

“केव्हापासून बिघडलंय?”

“झाले थोडे दिवस.”

“सगळ्या जगाला गाड्या शिकवल्यात आणि स्वतःच्या गाडीचं दार नीट करता येत नाही? राहू द्या. हे करतील.”

‘हे’ म्हणजे जावईबापू. माणूस मनाने सोन्यासारखा, पण मोबाइलवर व्हिडिओ बघून सगळं दुरुस्त होतं अशी त्याची ठाम समजूत. त्याने आजवर घरातला पंखा, शेजाऱ्याचा नळ आणि स्वतःची कंबर अशी दुरुस्त केली होती. त्यातला पंखा अजून चालू होता. दुसऱ्या दिवशी सकाळचा नाश्ता झाला तसे बाह्या सरसावून ते गाडीपाशी आले. मास्तर मागोमाग गेले. नको म्हणावं तर संशय आणि हो म्हणावं तर घात. म्हणून ते फाटकाजवळ खुर्ची टाकून बसले आणि हातात वर्तमानपत्र धरलं, जे त्यांनी शेवटपर्यंत उलटं-सुलटं काही पाहिलं नाही.

जावईबापूंनी आधी किल्ली घातली. किल्ली फिरली, दार हललं नाही. मग आत बसून काचेजवळची खुंटी चिमटीत धरून वर ओढली. खुंटी जागची उठेना.

“बाबा, कडी जाम झालीय. गंज असणार.”

“असेल, असेल,” मास्तर म्हणाले. गंजावर खापर फुटत असेल तर त्यांना हवंच होतं.

मग लेकीला बाहेर उभं करून जावईबापूंनी सांगितलं, “तू बाहेरून कंबरेने रेटा दे, मी आतून हँडल ओढतो. कडीवरचा दाब कमी झाला की सुटते.” लेकीने रेटा दिला. गाडी सगळीच डुलली. दार तसंच. मग कुलपाच्या जागेवर तळहाताने धपाधप मारून झालं. मग गंज सोडवायचा स्प्रे आला. फटीतून इतका मारला की खाली काळ्या तेलाचे ओघळ आले आणि अख्ख्या अंगणाला रॉकेलसारखा वास सुटला.

तो वास घेत समोरचा शिंपी आला. समोरचा शिंपी म्हणजे उंटावरचा शहाणा. दुसऱ्याच्या घरी काम निघालं की याचं मशीन बंद. येताना तारेचा हँगर सरळ करूनच आला होता.

“काचेतून हा आत सोडा आणि खुंटीला आकडा घालून वर खेचा,” तो म्हणाला. “माझ्या मेव्हण्याने असंच उघडलं होतं.”

“मेव्हण्याची गाडी होती का?” मास्तरांनी विचारलं.

“नाही, ते पुढे कळलं,” शिंपी म्हणाला.

लेक हसली. मास्तरही हसले असते, पण त्यांचं लक्ष त्या तारेकडे होतं. तार आत गेली, नाडीला लागली, नाडीचं टोक बाहेर आलं तर? चोराच्या मनात चांदणं. तार नुसतीच वाकडी होऊन बाहेर आली तेव्हा कुठे त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

“थांबा आता. जेवून घ्या,” ते म्हणाले. “जुनी गाडी आहे, तिच्याशी कुस्ती कशाला? मी टाकतो गॅरेजला.”

“बाबा, तुम्ही केव्हापासून टाकताय!” लेक म्हणाली. “आज नाही झालं तर उद्या सकाळी मी स्वतः नेते गॅरेजला आणि समोर उभी राहून करून घेते.”

मास्तरांना पुढचं सगळं दिसायला लागलं. गॅरेजवाला काय करेल? पॅनल उघडेल, नाडी बघेल आणि लेकीच्या हातात देईल. ‘ताई, हे बिघडलेलं नाही, बांधलंय.’ झालं मग.

दुपारी जावईबापू पॅनलला भिडले. दार बंद असताना आतलं पॅनल काढणं म्हणजे सोपं काम नव्हे. सीट पार मागे ढकलावी लागते, अंगाची घडी करावी लागते. त्यांना फुलीचा स्क्रूड्रायव्हर हवा होता. तो मास्तरांच्या खिशात होता. मास्तरांनी अख्खं घर शोधून तो कुठेच नसल्याचं सांगितलं. शिंप्याने धावत जाऊन आपल्या मशीनचा आणून दिला. मदत करणारे शेजारी असावेत, पण इतके जवळ नसावेत, असं मास्तरांच्या मनात आलं.

स्क्रू निघाले. खालचे खिळे टकटक करत सुटले. पॅनल खालून वीतभर पुढे आलं. जावईबापूंनी मोबाइलचा उजेड आत मारला. आत तेल, धूळ, अंधार, आणि त्या अंधारात काळी नाडी, जी काळीच असल्यामुळे कुणाला दिसली नाही. त्यांनी हात घालून पाहिला. पंजा जाडजूड, मनगटाशीच अडकला. जोर लावला तसा पत्र्याने अंगठा कापला. रक्त आलं. तरी माणूस थांबेना. अंगठ्याला रुमाल गुंडाळून पुन्हा हात आत.

“बाबा, आईंना रोज असं चढायला लागतं हे बरं नाही वाटत,” घामाने डबडबलेले जावईबापू म्हणाले. “आज उघडूनच देतो.”

मास्तरांना तिथे स्वतःची लाज वाटली. परक्याचा पोरगा आपल्या बायकोच्या गुडघ्यांसाठी रक्त काढतोय आणि आपण खिशात स्क्रूड्रायव्हर लपवून बसलोय. आणि लाजेपेक्षाही त्यांना थकवा वाटला. सकाळपासून खुर्चीत बसूनच होते, तरी सगळं अंग कुणीतरी बडवून काढल्यासारखं झालं होतं. किती धरून ठेवायचं? आज वाचलं तर उद्या गॅरेज आहे. गॅरेज चुकवलं तर परवा आणखी कुणी.

“जा, अंगठा धुऊन या,” ते म्हणाले. “हळद लावा, चहा घ्या. तोवर मी बघतो हात घालून.”

जावईबापू आत गेले. लेक रुमाल बदलायला मागोमाग गेली. शिंप्याला गिऱ्हाईक आलं म्हणून त्याच्या पोराने हाक मारली. अंगणात मास्तर एकटेच उरले. ते आपल्या जुन्या सीटवर बसले, हाडकुळा हात पॅनलच्या मागे सरकवला, बोटांनी गाठ चाचपली आणि नखाने सोडवली. आपण बांधलेली गाठ आपल्या बोटांना लगेच सापडते. नाडी काढून त्यांनी सदऱ्याच्या खिशात कोंबली. हँडल ओढलं. दार सुटलं.

ते उघडं दार बघत मास्तर जरा वेळ तसेच बसून राहिले. त्यांना रडू आलं असतं, पण आतून पावलं वाजली.

“उघडलं?” लेक दारातच थांबली.

“उघडलं,” मास्तर म्हणाले. “यांनीच सगळं ढिलं करून ठेवलं होतं. मी नुसता हात लावला.”

“स्प्रे!” जावईबापू म्हणाले. “मी म्हटलं नव्हतं, त्याला भिनायला वेळ लागतो?” आणि पुढचा तासभर ते दार उघडून मिटून, मिटून उघडून, शिंप्याला समोरच्या दुकानात जाऊन स्प्रेचं महत्त्व सांगत होते.

ऊन उतरलं. बाई पिशवी घेऊन दाराशी आल्या.

“अहो, घरी जाऊ या ना.”

लेकीने आईकडे पाहिलं, मग बाबांकडे. “आई असं का म्हणते?”

“अगं, फिरायला जायचंय तिला. तसं म्हणते ती,” मास्तर घाईने म्हणाले.

“मग चला की सगळे. दार उघडलंय, आई आज राणीसारखी बसेल.”

मास्तरांनी शेवटचा प्रयत्न करून पाहिला. “आज तू मागे बस गं,” ते बायकोला म्हणाले, “लेकीजवळ. गप्पा मारा दोघी.”

बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की काय सांगावं. बाकी सगळं विसरल्या होत्या, हे नव्हत्या विसरल्या. “मागे? मी काय सामान आहे?” आणि उघड्या दारातून ऐटीत पुढे जाऊन बसल्या. लेकीने पट्टा लावून दिला, दार लावलं, आणि स्वतः आईच्या मागच्या सीटवर बसली. जावईबापू तिच्या शेजारी.

मास्तरांनी गाडी काढली. फर्स्ट, मग सेकंड. गल्लीच्या तोंडाशी वळण घेतलं. तिथून पुढे रस्ता सरळ आणि मोकळा, थर्ड टाकायची जागा. त्यांनी गिअरकडे हात नेला आणि तेवढ्यात कानावर पडलं, टक्. पट्टा सुटला होता. बाईंची नजर पुढच्या एका फाटकावर होती आणि डावा हात हँडलवर.

मास्तरांनी गिअर सोडला आणि हात बाईंच्या समोरून आडवा घालून त्यांचं मनगट धरलं. जन्मभर शिकाऊ माणसांच्या अंगावरून उजवीकडे हात टाकून स्टिअरिंग सावरलं होतं. आज तो डावीकडे टाकला. थांबावं तर रस्त्यातच उतरेल, आणि मग लेकीला सांगायचं काय? मनगट सोडावं तर दार उघडेल. म्हणून ते एका हाताने स्टिअरिंग धरून तसेच जात राहिले, सेकंडमध्येच.

ते फाटक लवकर मागे पडावं म्हणून त्यांनी वेग वाढवला, आणि इंजिन ओरडायला लागलं.

मास्तरांचा एक नियम होता आणि तो त्यांनी सगळ्यांना शिव्या देऊन पाठ करायला लावला होता: इंजिन रडायला लागलं की गिअर बदलायचा, मुकं जनावर आहे, त्याला दुसरं बोलता येत नाही. आणि सगळ्यांत जास्त शिव्या त्यांच्याकडून कुणी खाल्ल्या असतील तर त्या लेकीने.

“बाबा, थर्ड टाका,” ती म्हणाली.

मास्तरांचा हात मनगटावरच राहिला.

“बाबा, इंजिन रडतंय.”

“टाकतो.”

“अशाने गिअरबॉक्स खराब होतो,” जावईबापू म्हणाले. “एका व्हिडिओत...”

“तुम्ही थांबा हो जरा,” लेक म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. तिचे बाबा काहीही विसरतील, गिअर विसरणार नाहीत. ती पुढे वाकली आणि सीट आणि दार यांच्या फटीतून तिने पाहिलं. हँडलवर आईची बोटं होती, आणि त्या मनगटावर बाबांची, पांढरी पडलेली.

“सोडा हो,” बाई म्हणत होत्या, अगदी हळू, लोकांत तमाशा नको म्हणून. “आलं आपलं घर. उतरू द्या मला.”

लेकीने फटीतून हात घातला आणि आईचं मनगट घट्ट धरलं.

“सोडा, बाबा. मी धरलंय. थर्ड टाका.”

मास्तरांनी लगेच नाही सोडलं. मग सोडलं. क्लच दाबला, थर्ड टाकला. इंजिन शांत झालं. पुढे झाडाखाली जागा बघून त्यांनी गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

“केव्हापासून?” लेकीने विचारलं. तिने अजून आईचा हात सोडला नव्हता.

मास्तरांनी खिशातून बुटाची नाडी काढली आणि मागे दिली. सांगायला तेवढंच पुरलं. नाडी हातात घेऊन लेकीने ती पाहिली, तेलकट, मधोमध गाठीने मुरलेली.

“म्हणजे माझ्या स्प्रेने नाही उघडलं?” जावईबापूंनी विचारलं. त्यांना लगेच कळलं की हे विचारायला नको होतं, आणि ते खिडकीबाहेर बघायला लागले.

“मला का नाही सांगितलंत?” लेक म्हणाली.

“तू वाटणी केली असतीस,” मास्तर म्हणाले. समोरच्या काचेकडे बघत, आवाज न चढवता. “आई तुझ्याकडे, मी तुझ्या दादाकडे. ऐकलं होतं मी. तुझं चुकलं नाही. पण मला नाही जमणार गं ते. मी फार दमलोय, खरंच दमलोय, पण तिच्याशिवाय नाही जमणार.”

लेक रडली. मोठ्याने नाही, पण रडली. बाईंनी वळून पाहिलं आणि म्हणाल्या, “अगं वहिनी, काय झालं? रडू नकोस. घर आलंच आपलं.”

“हो, आलंच,” लेक म्हणाली. तिने डोळे पुसले, खाली उतरून आईच्या बाजूचं दार बाहेरून उघडलं, आणि जावईबापूंना म्हणाली, “अहो, मागच्या दारांना खटके असतात बघा कडेला. दोन्हीकडचे लावा.”

जावईबापूंनी खाली उतरून एक खटका सरकवला, दुसरा सरकवला. “एवढंच होतं?” ते म्हणाले. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण मास्तरांकडे बघून पुढचं त्यांनी गिळलं.

“आई, मागे बसू या,” लेक म्हणाली.

“मी काय सामान आहे?”

“नाही. बाबाही बसतायत मागे.”

मास्तर चालकाच्या सीटवर तसेच बसून होते. “मी?”

“तुम्ही. उतरा. गाडी मी चालवते.”

“मी मागे बसलो नाही कधी.”

“ठाऊक आहे. तुमच्या तोंडूनच ऐकत मोठी झालेय. उतरा, बाबा. वाटणी नाही करत मी कुणाची. माझ्याकडे दोघं, नाहीतर मी इथे, ते उद्या दादाशी भांडून ठरवू. आज मागे बसा.”

मास्तर उतरले. मागचं दार उघडलं, आधी बायकोला आत बसवलं, आणि मग स्वतः वाकून, कुरकुरत आत शिरले. गुडघ्यांना जागा कमी होती. समोर सीटची पाठ, तिच्यापुढे रस्ता नाही, काही नाही. स्टिअरिंग नाही, ब्रेक नाही, क्लच नाही. दोन्ही हात मोकळे. ते हात कुठे ठेवावेत हेच त्यांना कळेना.

दार बाहेरून लागलं. बाईंनी सवयीने हँडल ओढून पाहिलं. उघडलं नाही.

“अहो, हे दार बिघडलंय,” त्या म्हणाल्या.

“हो,” मास्तर म्हणाले. “असू दे.”

त्यांनी बाईंचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

“गाडी कोण चालवतंय?” बाईंनी कुजबुजत विचारलं.

“शिकाऊ आहे. पण येतं तिला.”

लेकीने गाडी काढली. झटका न देता, हाफ क्लचवर, शिकवलं होतं तशी. फर्स्ट. सेकंड. मास्तर सवयीने कान देऊन ऐकत होते. इंजिन जरासं चढलं, आणि रडायच्या आत तिने थर्ड टाकला. बरोबर जागी. बाईंचं डोकं त्यांच्या खांद्यावर आलं. फोर्थ कधी पडला ते मास्तरांना कळलं नाही, ते झोपले होते.